रंगपंचमीनंतर कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडतच नाही, मुंज आठ दिवसांवर आलीय, मदत करा

राजवाडा_गॅलरी (इंदूर), शनिवार रात्री

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले नुसती काळजी लागून राहिलीय म्हणून इथे लिहितेय. माझ्याकडे साधा एंट्री लेव्हलचा डीएसएलआर आहे, २०१६ ला घेतलेला, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स, आणि वरती तो टपकन उघडणारा फ्लॅश. यंदा रंगपंचमीला गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघायला राजवाड्याजवळ आत्याच्या गॅलरीत उभी होते. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, लेन्सपुरतं भोक ठेवून, पण ज्यांनी इंदूरची गेर पाहिलीय त्यांना माहितीय, टँकरवरून रंगाचं पाणी वरच्या मजल्यांपर्यंत येतं आणि गुलाल तर असा उडतो की समोरचं घर दिसत नाही. घरी येऊन कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसला आणि कपाटात ठेवून दिला. फोटो दिवसाचे होते, फ्लॅश लागलाच नाही.

आता पुढच्या रविवारी भाच्याची मुंज आहे, म्हणून काल कॅमेरा काढून बघितला तर फ्लॅश उघडतच नाही. बटण दाबलं तरी नाही, ऑटोवर ठेवून अंधाऱ्या खोलीत फोटो काढला तरी नाही. बाकी सगळं नीट, फोटो निघतात, फोकस होतो. मग नखाने हळूच वर उचलला तर उभा राहतो पण पेटत नाही.

जेल रोडवर एका दुकानात दाखवला, त्यांनी दोन मिनिटं हातात धरून सांगितलं, "मॅडम, फ्लॅश उड़ गया है, पूरी यूनिट बदलेगी", साडेचार हजार आणि पंधरा दिवस. पंधरा दिवसांत मुंज होऊन जाईल हो. बहिणीला शब्द दिलाय की मातृभोजनाचे आणि भिक्षावळीचे फोटो मीच काढणार. खरंच युनिट गेलं असेल का?

पोहेजलेबी (इंदूर)

ताई, आधी सोपं बघून घ्या. वरच्या चकतीवर विजेवर काट मारलेलं चिन्ह असतं, त्यावर तर नाही ना? लँडस्केप आणि स्पोर्ट्सवरही फ्लॅश आपणहून उघडत नाही. मेन्यूत 'फ्लॅश फायरिंग' नावाची ओळ असते काही मॉडेलांत, ती बंद असेल तर फ्लॅश पेटणार नाही. एचडीआर किंवा सायलेंट शूटिंग चालू राहिलं असेल तरीही बहुतेक कॅमेरे फ्लॅश देत नाहीत. आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून बघा, अर्धवट बॅटरीवर फोटो निघतात पण फ्लॅश चार्ज करायला कॅमेरा कुचराई करतो.

राजवाडा_गॅलरी

दादा, हे सगळं झालं करून. बॅटरी रात्रभर लावली होती, सेटिंग फॅक्टरीवर आणल्या, पी मोडवर बघितलं, लाइव्ह व्ह्यू बंद करून बघितलं. कार्डसुद्धा बदललं, त्याचा काय संबंध पण बदललं. एक गोष्ट मात्र दिसली, फ्लॅशच्या मेन्यूत आतल्या फ्लॅशची ओळ फिक्कट दिसते, निवडताच येत नाही. आधी अशी होती का ते आठवत नाही.

बडोद्याचा_गरबा (वडोदरा)

माझं जरा वेगळं आहे पण सांगतो. नवरात्रीत नऊ रात्री गरब्याचे फोटो काढतो, बाहेरचा फ्लॅश लावून. मागे एकदा आठव्या रात्री फ्लॅश एकदम गप्प. मला वाटलं गेला. नंतर कळलं की फुल पॉवरवर धडाधड शॉट मारले की आतला थर्मल कटऑफ लागतो, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ दिला की परत चालू. आणि सेल बदलले ते तर फारच उपयोगी पडलं, साध्या अल्कलाइनऐवजी रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे लावले. त्यांच्यावर १.२ व्होल्टच लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर १.५, म्हणून लोक समजतात हे कमजोर, पण एकदम जास्त करंट द्यायला हेच बरे, फ्लॅश परत तयार व्हायला वेळ बराच कमी लागतो.

ताईंचा उघडणारा फ्लॅश आहे म्हणजे सेलचा प्रश्न नाही, पण कुणी हा धागा नंतर वाचेल त्याला कामी येईल.

ओहमचा_नियम (इंदूर)

ताई, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, पहिली गोष्ट हात जोडून सांगतो, कुणी कितीही म्हटलं तरी घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वरचं झाकण उघडू नका. बॅटरी काढली तरी उघडू नका. कॅमेऱ्याची बॅटरी सातेक व्होल्टची असते पण फ्लॅशच्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास चढवलेले असतात आणि ते बॅटरी काढल्यावर लगेच उतरत नाहीत, कितीतरी वेळ तसेच बसून राहतात. माझ्या एका मित्राने जुना छोटा कॅमेरा असाच उघडला होता, बोटाला झटका बसला आणि मनगटापर्यंत आलेल्या मुंग्या दोन दिवस गेल्या नाहीत. मोठ्या बाहेरच्या फ्लॅशमध्ये तर कपॅसिटर याच्या कितीतरी पट मोठा असतो, तो झटका जिवावर बेतू शकतो.

आता फ्लॅश खरंच 'उडाला' का ते बघू. आत काय होतं सांगतो. आधी एक सर्किट बॅटरीचे व्होल्ट चढवून कपॅसिटर भरतं, ती बारीक शिट्टीसारखी कुईं ऐकू येते ना ती त्याची. भरला की व्ह्यूफाइंडरमध्ये विजेचं चिन्ह लागतं. मग शटर उघडल्यावर एक छोटी कॉइल झेनॉनच्या नळीला काही हजार व्होल्टचा टोला देते, नळीतला गॅस वाहता होतो आणि कपॅसिटर त्यात रिकामा होतो, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात वगैरे. म्हणजे नळी गेली असेल तर काय दिसेल? फ्लॅश उघडेल, कुईं होईल, विजेचं चिन्ह लागेल, आणि फक्त उजेड पडणार नाही. तुम्ही नखाने उचलल्यावर यातलं काय होतं ते बघून सांगा. कान लावून ऐका, पंखा बंद करून.

राजवाडा_गॅलरी

पंखा, कूलर, टीव्ही सगळं बंद करून ऐकलं. काहीच आवाज नाही. विजेचं चिन्हही नाही. आणि एररसुद्धा काही येत नाही, कॅमेरा जसं काही झालंच नाही असा फोटो काढून मोकळा होतो.

ओहमचा_नियम

मग साडेचार हजार अजिबात देऊ नका. कॅमेरा कपॅसिटर भरायचा प्रयत्नच करत नाहीये. उघडायची यंत्रणा अडकली असती तरी त्याने तक्रार केली असती, कॅननमध्ये त्याला एरर ०५ येतो, म्हणजे आतला फ्लॅश वर आला नाही. इथे तर तो फ्लॅश वापरायचाच नाही असं ठरवून बसलाय. का ठरवलंय ते शोधायला पाहिजे, ती फिक्कट ओळ मला तिकडेच बोट दाखवतेय असं वाटतं. पण कॅमेऱ्याच्या बाजूचं मला तेवढं कळत नाही, स्टुडिओकाका कुठे आहेत?

स्टुडिओकाका (इंदूर), रविवार पहाटे

आलो बाबा. रात्री लवकर झोपतो.

राजवाडा ताई, गेर, गुलाल आणि फिक्कट ओळ, एवढ्यावरच मला नव्वद टक्के कळलं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी धातूची खाच असते, जिच्यात बाहेरचा फ्लॅश सरकवून बसवतात, तिला हॉट शू म्हणतात. त्या खाचेच्या कडेला, पत्र्याच्या पट्टीखाली, एक इवलीशी कळ असते, तांदळाच्या कणीएवढी. बाहेरचा फ्लॅश सरकवला की ती दाबली जाते आणि कॅमेऱ्याला कळतं की पाहुणा आलाय, आता आपला घरचा फ्लॅश उघडायचा नाही, नाहीतर तो वरच्याला जाऊन आदळेल. फ्लॅश काढला की कळ स्प्रिंगने परत वर येते.

ही कळ खाली अडकली की संपलं. कॅमेरा समजतो वर फ्लॅश लावलेला आहे. बटण दाबा, ऑटोवर ठेवा, तो उघडणार नाही. सेटिंग सगळ्या रिसेट करा, काही उपयोग नाही कारण ही सेटिंग नाहीच, ही कळ आहे. अडकते कशाने? घामाने, धुळीने, पावसात भिजून गंजल्याने, आणि आपल्या इंदुरात रंगपंचमीने. कोरडा गुलाल झटकला की जातो, पण गेरीत गुलाल आणि पाणी एकदमच येतं, ते पातळ होऊन त्या फटीत शिरतं आणि वाळलं की खळीसारखं घट्ट बसतं. मी स्टुडिओ चालवायचो तेव्हा रंगपंचमीनंतरच्या पंधरवड्यात असे तीन-चार कॅमेरे तरी यायचे, आणि दरवेळी मुलं कुठून तरी 'युनिट गेलं' ऐकून आलेली असायची. फार वाईट वाटतं मला याचं, माणसाचे पैसे जातात आणि वर कॅमेऱ्यावरचा विश्वासही जातो.

टॉर्च घे, चष्मा घे, आणि खाचेच्या दोन्ही पट्ट्यांखाली बघ. कुठेतरी बारीक ठिपका किंवा पत्ती दिसेल. गुलाबी दिसतंय का सांग.

राजवाडा_गॅलरी

काका!! उजव्या पट्टीखाली गुलाबी आहे. मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघितला, कोपऱ्यात सगळं गुलाबी-जांभळं थर बसलाय. कळ अशी दिसत नाही, पण थराच्या मधोमध एक खड्डा आहे, तीच असेल का?

कॅमेऱ्यासोबत आलेलं काळं प्लास्टिकचं झाकण असतं ना खाचेचं, ते वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करून बघितलं. फरक नाही.

स्टुडिओकाका

तीच. आणि झाकणाने होणार नाही ते, कारण कंपनीचं झाकण मुद्दाम असं कापलेलं असतं की कळीला लागू नये, नाहीतर झाकण लावून फ्लॅशच चालला नसता. खऱ्या फ्लॅशचा पाय, म्हणजे खाचेत सरकणारा खालचा भाग लागेल, किंवा ट्रिगरचा (बाहेरचा फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र). कुणाकडून तरी तासभर मागून आण, बंद असलेला चालेल, सेल नसलेला चालेल, आपल्याला फक्त पाय पाहिजे. पण आधी थर मऊ करायचा, कोरडा घासायचा नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. मोबाईल दुरुस्तीवाले सर्किट साफ करायला हेच वापरतात, आयपीए म्हटलं की देतात, छोटी बाटली पुरे. जास्तीत जास्त शुद्ध माग, पाणी मिसळलेलं नको. बॅटरी काढ. कॅमेरा उलटा धर, खाच जमिनीकडे, म्हणजे विरघळलेला रंग आत न जाता बाहेर गळेल, हे विसरू नकोस. कान साफ करायची कापसाची काडी घे, आयपीएत बुडवून पिळून घे, टपकता कामा नये, आणि पट्टीखाली फिरव. काडी गुलाबी झाली की नवी घे. मग लाकडी टूथपिकच्या टोकाने, सुई नाही, सेफ्टी पिन नाही, फक्त लाकडी, कळीवर अगदी हलक्या हाताने दाबून सोड. आणि मग फ्लॅशचा पाय सरकव-काढ, सरकव-काढ.

थिनर, पेट्रोल, नेलपेंट काढायचं पाणी, घरातला गंजाचा स्प्रे, यातलं काहीही लावू नकोस. प्लास्टिक खातात, आणि स्प्रेचं तेल मागे राहिलं की उद्याची धूळ त्यालाच चिकटते. शेवटी अर्धा तास तसाच उलटा ठेवून वाळू दे, मगच बॅटरी घाल.

ग्वाल्हेरची_सून (ग्वाल्हेर)

काका, किती छान समजावून सांगता तुम्ही. ताई, नाहीच झालं तर माझ्याकडे सासऱ्यांचा जुना फ्लॅश आहे, रीलच्या कॅमेऱ्याचा, मागच्या वर्षी सेल टाकून बघितला होता तेव्हा लागला होता. रविवारच्या आत गाडीने पाठवू का? ग्वाल्हेर-इंदूर रात्रीचा तर प्रवास.

ओहमचा_नियम

वहिनी, मन मोठं आहे तुमचं, पण तो डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका, तुमच्याही नाही. जुन्या काळच्या काही फ्लॅशना मधल्या पिनवर दोनशे व्होल्टच्या वर येतात, रीलच्या कॅमेऱ्यात नुसता धातूचा संपर्क होता म्हणून चालायचं, डिजिटलमध्ये तिथे नाजूक सर्किट आहे, कायमचं जाऊ शकतं. मल्टिमीटर असेल तर फ्लॅश चालू करून पायाच्या मधल्या पिनवर आणि कडेवर मोजता येतं, पण ज्याला सवय आहे त्यानेच मोजावं.

आणि कुणी नवा स्वस्त फ्लॅश घ्यायला निघालं असेल तर हेही बघा, कॅनन २००डी मार्क २ सारख्या कॅमेऱ्याच्या खाचेत मधली पिनच नाहीये, त्यावर फक्त मधल्या पिनवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाहीत. लोक फ्लॅश खराब म्हणून परत करतात, फ्लॅश चांगला असतो.

ग्वाल्हेरची_सून

बापरे, बरं झालं विचारलं. कपाटातच ठेवते. सेल काढून ठेवलेत, मागे एकदा आत फुटून पांढरी भुकटी झाली होती, कापसाला लिंबाचा रस लावून पुसली आणि मग कोरडी केली तेव्हा परत लागला.

राजवाडा_गॅलरी, मंगळवार रात्री

झालं!!! काका झालं!!!

सगळं सांगते. आयपीए जेल रोडवरच मिळालं, त्या दुकानापासून चार दुकानं पुढे. फ्लॅश कुणाकडे नव्हता, शेवटी भाच्याच्या शाळेतल्या मित्राच्या वडिलांकडून मिळाला, त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही, हातात दिला. बॅटरी काढून, कॅमेरा उलटा धरून, खाली पांढरा रुमाल. पहिली काडी अशी निघाली जशी कुंकवात बुडवलीय. नऊ काड्या लागल्या. सहाव्या-सातव्या काडीला टूथपिकने दाबलं तेव्हा एकदम बारीक टिक असं झालं आणि ती कळ वर आली, खड्ड्याच्या जागी टपोरा ठिपका. माझा हात थरथरत होता. मग फ्लॅशचा पाय वीस वेळा आत-बाहेर.

अर्धा तास थांबायचं होतं, मी तास थांबले. बॅटरी घातली, बटण दाबलं, टप्पकन उघडला. कुईं ऐकू आलं. विजेचं चिन्ह लागलं. आईचा फोटो काढला, ती देवघरात वाती करत बसली होती, सगळी खोली उजळली. मेन्यूतली ओळही ठळक झालीय. साडेचार हजारांऐवजी दोन-अडीचशेत काम झालं, पण पैशांपेक्षा मुंजीचे फोटो निघणार याचंच जास्त वाटतंय. काका, ओहमदादा, कसे आभार मानू.

स्टुडिओकाका

आभार नकोत, फोटो चांगले काढ. आता फ्लॅश चालू झालाय तर तो किती दूर जातो तेही ऐकून ठेव, कारण मुंजीत इथेच चुकतं. असा उघडणारा फ्लॅश छोटा असतो, त्याचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) साधारण १२ मीटर धर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० ला. तुझ्या लेन्सवर झूम केलं की एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ५.६ येतो, १२ ला ५.६ ने भाग, दोन मीटरच्या थोडं वर. म्हणजे आयएसओ १०० वर दोन मीटरच्या पलीकडे बसलेली मंडळी काळी येणार, आणि माणूस म्हणणार फ्लॅश गेला. आयएसओ ८०० कर, तोच फ्लॅश सहा मीटर जातो. कार्यालयात ८०० ठेव आणि विसरून जा.

लेन्सवरचं गोल हूड काढून ठेव, १८ वर त्याची सावली फोटोत खाली अर्धचंद्रासारखी येते. आणि होम चालू असताना धुराच्या समोरून फ्लॅश मारू नकोस, उजेड धुरावर आपटून परत येतो, सगळं पांढुरकं दिसतं. बाजूने ये, किंवा तेवढा वेळ फ्लॅश मिटून होमाच्याच उजेडात काढ, बटूच्या चेहऱ्यावर तो उजेड फार सुंदर पडतो. मातृभोजनाला मात्र फ्लॅश ठेव, तिथे आई आणि मुलगा दोघांच्या डोळ्यांत उजेड पाहिजे.

पोहेजलेबी

काका, हे शेवटचं वाचून माझ्याच मुंजीची आठवण आली. धागा सेव्ह करून ठेवलाय.

राजवाडा_गॅलरी, शुक्रवार दुपारी

परत घाबरले आहे. परवापर्यंत छान चालत होता. काल परत रंग किंवा धूळ जाऊ नये म्हणून खाचेवर लावायला नवीन झाकण आणलं, धातूचं आहे, वर पाण्याचा बुडबुडा असतो तसलं, कॅमेरा सरळ आहे का ते दाखवणारं. आणि आज सकाळपासून फ्लॅश परत उघडत नाही. परवा रविवार आहे. परत अडकली का कळ?

स्टुडिओकाका

झाकण काढ आणि बटण दाब.

राजवाडा_गॅलरी

उघडला.

स्टुडिओकाका

धातूचं झाकण कळ दाबून ठेवतं, कॅमेरा समजतो पाहुणा आलाय. कंपनीचं जुनं काळं झाकणच लाव. बुडबुडा ट्रायपॉडवर लँडस्केप काढताना वापर, तेव्हा फ्लॅश लागत नाही.

राजवाडा_गॅलरी, सोमवार सकाळी

मुंज झाली. चारशे बारा फोटो, फ्लॅश एकदाही अडला नाही. होमाच्या वेळी मिटून ठेवला होता, काका म्हणाले तसं. मातृभोजनाच्या फोटोत भाचा आईच्या हातून घास घेतोय, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या, आणि बहिणीच्या डोळ्यांत पाणी चमकतंय ते स्पष्ट दिसतं. तो फोटो मोठा करून तिला देणार आहे. ज्यांनी फ्लॅश दिला होता त्यांच्याकडे आज संध्याकाळी लाडू घेऊन जातेय, आणि काका, तुमचं घर कुठे ते मेसेज करा, तुमचाही डबा काढून ठेवलाय.